ताफ्यातल्या गाड्यांसाठी हॅम रेडिओ घ्यावा का?

गगनबावडेकर

कोल्हापुरातील आमच्या मित्रमंडळींचा जीपगाड्यांचा एक गट आहे. जिप्सी, थार, बोलेरो आणि अलीकडे आलेली जिम्नी अशा मिश्र गाड्या असून, पाऊस ओसरला की आजरा, भुदरगड, चंदगड आणि गगनबावडा भागांतील खासगी जमिनींवर मालकाची परवानगी घेऊन आम्ही चिखलाच्या आणि दगडी उतारांच्या वाटा धरतो. गाड्यांमधला संवाद आजवर मोबाईलवरच चालत आला. परंतु घाटमाथा ओलांडला की रेंज जाते, आणि शेवटची गाडी कुठे रुतली आहे हे पुढच्यांना समजायचे तर कुणाला तरी मागे फिरावे लागते.

गटातील काहींचे म्हणणे आहे की ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी एकगठ्ठा मागवावेत. दुसऱ्या काहींना वाटते की एकदाच काय तो हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढावा आणि गाडीत कायमचा सेट बसवावा. वॉकीटॉकी कायदेशीर आहेत का, परवान्याचा खटाटोप आमच्यासारख्यांनी करण्याजोगा आहे का, आणि इतके करून घाटात खरोखर ऐकू येते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उद्यमनगरकर

मी हॅम परवानाधारक असून जीप चालवणाऱ्या मंडळींबरोबर बराच फिरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात वायरलेस संच बाळगणे आणि वापरणे हे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत सतत परवान्याशी बांधलेले आहे. त्याला काही मोजक्या सवलती आहेत. आपल्या कामाची सवलत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या हातातल्या संचांना मिळते; तिथे शक्तीची मर्यादा अर्धा वॅट आहे. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडलाही ५ वॅटपर्यंत सूट आहे, पण त्या पट्ट्यातील चांगले संच आपल्याकडे क्वचितच दिसतात, त्यामुळे तो विषय सोडून देऊ.

ऑनलाइन दुकानांतून जे स्वस्त चिनी हँडी (हातातले वॉकीटॉकी) मिळतात, ते बहुतेक ५ वॅटचे असतात आणि वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात. त्यांतील एखादा ४४६ वर लावला म्हणून तो सवलतीत बसत नाही, कारण सवलत विशिष्ट मर्यादेतल्या आणि मान्यता मिळालेल्या संचाला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्यानंतर विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. दुकानात मिळते म्हणजे वापरता येते, हा समज त्यामुळे आता तरी दूर व्हावा. हे संच पोलीस, विमानतळ किंवा वनखात्याच्या वाहिनीवर चुकून जरी बोलले, तरी पुढचा मनस्ताप गाडी दरीत जाण्याइतकाच महागात पडतो.

हॅमचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेसचे काम पाहणारी डब्ल्यूपीसी शाखा देते. त्याआधी अॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेटची परीक्षा असते. तिचे रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम एवढेच विचारतात. जनरलसाठी त्याशिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या गतीने मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) घ्यावा आणि पाठवावा लागतो. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचे कॉलसाइन (परवानाधारकाचे ओळखचिन्ह) व्हीयू३ ने आणि जनरलवाल्यांचे व्हीयू२ ने सुरू होते. किमान वय १२ वर्षे आहे, म्हणजे गटातील मुलेसुद्धा बसू शकतात. आपल्याला लागणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ पट्टा रिस्ट्रिक्टेडलाही खुला आहे, तेव्हा मोर्सच्या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही. डायोड, ओहमचा नियम, अँटेनाची लांबी आणि क्यू-कोड (रेडिओवरचे ठरावीक लघुसंकेत) एवढे ज्याला समजते, त्याला हा अभ्यास जड जात नाही. ज्याने स्वतःच्या गाडीचे वायरिंग एकदा तरी सोडवले आहे, त्याला तर निम्मा आधीच येतो.

जुनी जिप्सी

उद्यमनगरकर साहेबांचे लिखाण नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझा एक व्यावहारिक आक्षेप आहे. सुट्टीच्या दिवशी जमणाऱ्या माणसांनी परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणी होईपर्यंत थांबायचे, आणि एवढे होऊन शेवटी विचारायचे काय, तर ‘मागे सगळे ठीक आहे का?’ आम्ही वर्षानुवर्षे हॉर्न आणि हेडलाइटच्या खुणांवर डोंगर पालथे घातले. ज्यांना रेडिओचाच छंद आहे त्यांनी जरूर करावे, पण ताफ्यातील प्रत्येकावर ही सक्ती कशाला?

मसाईवाट

जुनी जिप्सी काकांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर त्यांना आवडणार नाही. हॅमचा परवाना गाडीला मिळत नाही, गटालाही मिळत नाही. तो व्यक्तीला मिळतो. एकाने परवाना काढून बाकीच्या गाड्यांत संच वाटले, तर बोलणारे बाकी सगळे विनापरवाना ठरतात. शिवाय हॅमच्या पट्ट्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही, सांकेतिक भाषेत बोलता येत नाही, आणि दर संभाषणात कॉलसाइन द्यावे लागते. पैसे घेऊन सहली काढणाऱ्या आयोजकांनी आपल्या कामासाठी हा पट्टा वापरणे तर सरळसरळ नियमाविरुद्ध आहे. मोबाईलचा हौशी पर्याय म्हणून हॅमकडे पाहणारे बरेच जण भेटतात, म्हणून हे आधीच लिहिले.

आणखी एक बाजू कुणी बोलून दाखवत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ गाडी चालवताना हातात धरायचे संवादाचे साधन वापरणे हे धोकादायक चालवण्यातच धरते. घाटातल्या वळणावर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात माइक हे दृश्य कितीही ऐटदार वाटले तरी बरोबर नाही. म्हणून रेडिओ चालकाकडे न देता शेजारी बसणाऱ्याकडे द्यावा, आणि परीक्षाही आधी त्यानेच द्यावी. मी स्वतः शेजारच्या सीटवर बसते, नकाशा पाहते आणि रेडिओ सांभाळते. आमच्या गाडीत परवाना माझ्या नावावर आहे, गाडी यजमानांच्या. त्यांनी अजून परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे ते फक्त ऐकतात. घरातले त्यातल्या त्यात शांत क्षण तेच.

गगनबावडेकर

ताई, हा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. आमच्या गाड्यांमध्ये शेजारी बसणारे बहुधा घरचेच असतात आणि त्यांना गाडीपेक्षा अभ्यासाची सवय जास्त आहे, तेव्हा हे जमण्यासारखे दिसते. आता घाटात ऐकू येते का ते सांगावे. एका दुकानदाराने ‘५० वॅटचा सेट घ्या, कोकणात बोलाल’ असे सांगितले आहे.

उद्यमनगरकर

दुकानदाराच्या वॅटवर जाऊ नका. व्हीएचएफ साधारणपणे दृष्टिरेषेत चालतो. सपाट आणि मोकळ्या जमिनीवर अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१२ ने गुणावे, म्हणजे रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. गाडीच्या छतावरचा अँटेना जमिनीपासून २ मीटरवर धरला तर एका गाडीचे क्षितिज ५.८ किलोमीटरवर येते आणि तशाच दुसऱ्या गाडीशी सुमारे ११ ते १२ किलोमीटरपर्यंत बोलणे व्हावे. तीच गाडी भोवतालच्या मुलखापेक्षा ३०० मीटर उंच कड्यावर उभी केली, तर तिचे क्षितिज ७१ किलोमीटरच्या आसपास जाते. उंचीने हा एवढा फरक केला. वॅट तेवढेच आहेत.

आता वॅटचा हिशोब पाहा. ५ वॅटवरून ५० वॅटवर गेल्याने संदेश १० डेसिबलने वाढतो. मीटरवरची एक एस-पायरी ६ डेसिबलची मानतात, म्हणजे दसपट शक्ती खर्चून दोन पायऱ्यासुद्धा पुऱ्या मिळत नाहीत. मधे डोंगराची सोंड आली तर ५० वॅटही मुकाट बसतात. ज्यांनी गाडीच्या आत बसून हँडीच्या रबरी अँटेनावर बोलून पाहिले असेल, त्यांना ठाऊक असेल की तोच हँडी खिडकीबाहेर काढला की एकदम ऐकू येऊ लागतो, कारण गाडीचा पत्रा संदेश अडवतो. म्हणून पैसा पहिल्यांदा छतावरच्या अँटेनात घालावा, नंतर सेटमध्ये.

१४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर असते, त्यामुळे पाव तरंगाचा अँटेना साधारण ५० सेंटीमीटरचा होतो. पाच-अष्टमांश तरंगाचा सव्वा मीटरहून थोडा जास्त असतो आणि मोकळ्या मुलखात थोडे अधिक देतो, पण आपल्याकडच्या करवंदीच्या आणि बांबूच्या वाटांवर तो फांद्यांत अडकून मुळापासून वाकतो. जंगलाच्या वाटेला छोटाच बरा. पाव तरंगाच्या अँटेनाला खाली पत्रा लागतो, कारण अँटेनाचा दुसरा अर्धा भाग तो पत्राच असतो. म्हणून जिप्सीच्या कॅनव्हासवर किंवा फायबरच्या छतावर चुंबकी बूड चिकटत नाही, आणि कसेबसे दोरीने बांधले तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते याचे माप) बिघडतो. अशा गाड्यांत बॉनेटच्या कडेला पट्टीचा ब्रॅकेट लावतात. शिवाजी उद्यमनगरात असा ब्रॅकेट स्टेनलेसच्या पट्टीतून वाकवून घेता येतो. रंग खरवडून पत्र्याशी नीट संपर्क येतो याची मात्र खात्री करावी, आणि उघड्या पत्र्यावर गंजू नये म्हणून वर ग्रीस चोपडावे.

पंचगंगाकाठ

व्हीएचएफ की त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीचा यूएचएफ, यावरही थोडे लिहावे. ऊसतोडणीच्या आधी आमच्या भागातले रस्ते दोन्ही बाजूंच्या उभ्या उसाने बोगद्यासारखे होतात. तिथे यूएचएफवर आवाज तुटतो असा अनुभव आहे.

उद्यमनगरकर

बरोबर आहे. ओल्या पानांतून जाताना जास्त फ्रिक्वेन्सीचा संदेश जास्त शोषला जातो, म्हणून उसात आणि झाडीत १४५ मेगाहर्ट्झला (व्हीएचएफ) ४३५ पेक्षा (यूएचएफ) झुकते माप द्यावे. दगडी घळीत आणि इमारतींच्या गर्दीत मात्र यूएचएफ भिंतींवरून उड्या मारत पोहोचतो, तिथे उलटे दिसते. ताफ्यासाठी व्हीएचएफ मुख्य ठेवावा.

वायरिंगवाला

सेट बसवण्याबद्दल लिहितो, कारण रेडिओ वाईट म्हणून परत केलेल्या संचांपैकी बहुतेक वायरिंगने मारलेले असतात.

पन्नास वॅटचा मोबाईल सेट बोलताना साधारण १० ते १२ अँपिअर खेचतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून तो घेऊ नये. जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्यात, दोन्ही तारांवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज ठेवावेत, आणि तारा बोनेटमधून आत घेताना पत्र्याच्या छिद्राला रबरी ग्रोमेट लावावा. ग्रोमेट नसेल तर चार महिन्यांच्या हादऱ्यांत पत्र्याची धार तार कापते आणि मग फ्यूज उडण्याआधी धूर निघतो.

इंजिन चालू केल्यावर ऐकणाऱ्याला एक बारीक शीळ ऐकू येते आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. ती अल्टरनेटरची असते. ऋण तार जवळच्या बोल्टला न जोडता बॅटरीपर्यंत नेली, तर बहुतेक वेळा शीळ जाते. दुसरा त्रास एलईडीच्या लाइटबारचा आहे. स्वस्त लाइटबारमधले स्विचिंग सर्किट व्हीएचएफवर इतका गोंगाट करते, की लाइट लावताच स्क्वेल्च (संदेश नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडतो आणि दूरची गाडी बुडून जाते. सेट तपासायचा तर रात्री, सगळे लाइट आणि वायपर सुरू करून, इंजिन चालू ठेवून तपासावा. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि काही सेट मध्येच बंद पडतात, म्हणून विंच ओढणाऱ्या गाडीत तरी छोटी बॅटरी लावलेला हँडी हाताशी असावा.

केबलबद्दलही सांगायला हवे. साध्या आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला दर १० मीटरमागे सुमारे २ डेसिबल जातात. गाडीत ४-५ मीटरच लागते, म्हणून चालते. उरलेली केबल सीटखाली भेंडोळे करून ठेवण्यापेक्षा कापून नीट कनेक्टर लावावा. दार बंद करताना केबल रबराखाली चेपली गेली की ती आतून तुटते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. अशा वेळी एसडब्ल्यूआर मीटर ३ च्या वर जातो आणि सेट गरम होऊ लागतो. नव्या बसवलेल्या अँटेनाला मीटर लावल्याशिवाय माइक दाबू नये. दीडच्या खाली आकडा आला तर पुढे जावे.

जुनी जिप्सी

एवढे वाचल्यावर मीटर तरी विकत घेईन असे म्हणतो. परंतु माझा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. गगनबावड्याहून करूळने आणि भुईबावड्याने उतरणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ऐकू येतील का? आमचा गट नेहमी दोन भागांत विभागतो आणि खाली कोकणात जेवायला एकत्र येतो.

मसाईवाट

काका, बहुधा नाही, कारण दोन्ही घाटांच्या मध्ये डोंगराची धार येते. पण दोन्ही घाट गगनबावड्यावरूनच फुटतात, आणि त्यात उत्तर आहे. एक गाडी माथ्यावर, खाली दोन्ही बाजूंचा मुलूख दिसेल अशा जागी, रस्त्याच्या बाजूला सुरक्षित थांबवावी. तिला दोन्ही गट ऐकू येतात, आणि ती एका गटाचा निरोप दुसऱ्याला तोंडाने सांगते. हा मानवी रिपीटर. हॅमच्या डोंगरावरच्या रिपीटरमध्ये हेच काम यंत्र करते: व्हीएचएफवर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि साधारण ६०० किलोहर्ट्झ सरकवलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा प्रक्षेपित करते. पण रिपीटरची वीज, डोंगर आणि टोन (रिपीटर उघडणारा ठरावीक सूर) या तिन्ही गोष्टी आपल्या हातात नसतात, म्हणून घाट उतरताना रिपीटरवर विसंबू नये. गाडी ते गाडी थेट बोलता येईल अशी सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी प्रत्येक सेटमध्ये पहिल्या चॅनेलवर टाकून ठेवावी, आणि संपर्क तुटला तर प्रत्येकाने कुठे थांबायचे हे निघण्यापूर्वी ठरवावे. रेडिओ असलेल्या गटांना ही शेवटची गोष्ट ठरवण्याचा आळस येतो.

माथ्यावर थांबणाऱ्या गाडीला घाट उतरण्याचा आनंद मिळत नाही. तेव्हा ही पाळी सर्वांना आळीपाळीने यावी. नाहीतर एकाच भोळ्या माणसाला दर वेळी वर बसवतात.

पंचगंगाकाठ

विंचच्या वेळचे बोलणे हा वेगळाच प्रकार आहे, त्याबद्दल माझ्या तर्फे भर. विंचवर रुतलेली गाडी ओढताना एकच माणूस बोलतो. तो रुतलेल्या गाडीपाशी नसतो. दोर, दोन्ही गाड्या आणि अँकरचे झाड एकाच वेळी दिसतील अशा जागी, दोराच्या रेषेबाहेर उभा असतो. डावी-उजवी नेहमी चालकाची घेतात, उभ्या माणसाची नाही. ‘ओढा’ आणि ‘सोडा’ हे शब्द एफएमच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही दोर ताणताना ‘विंच सुरू’ आणि ढिला करताना ‘दोर सैल’ म्हणतो. ‘थांबा’ हा एकच शब्द कुणीही, परवाना असो वा नसो, हाताने किंवा ओरडून देऊ शकतो, आणि तो ऐकल्यावर कारण विचारत बसायचे नसते.

रेडिओवर बोलण्याची शिस्तही सांगतो. माइक दाबून अर्धा क्षण थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘पुढे येऊ नका’ चे ‘येऊ नका’ होते. एफएममध्ये दोघांनी एकाच वेळी माइक दाबला तर जोरदार संदेश कमकुवत संदेशाला पूर्ण झाकून टाकतो. याचा अर्थ असा की पुढच्या दोन गाड्या वडापावबद्दल गप्पा मारत असतील, तर मागे रुतलेल्या गाडीची हाक त्यांना ऐकूच जाणार नाही. म्हणून चालत्या ताफ्यात गप्पा नकोत. सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची गाडी ठरावीक अंतराने एकमेकींना हाक देतील, बाकीच्यांनी गरज असेल तेव्हाच बोलावे.

गगनबावडेकर

यातून मला मध्यम मार्ग सुचतो. पुढची, मागची आणि माथ्यावरची गाडी एवढ्यांनी हॅम परवाना काढून छतावर अँटेना लावावा. उरलेल्या गाड्यांनी आणि विंचवर उभ्या राहणाऱ्या माणसाने ४४६ पट्ट्यातील मान्यताप्राप्त, अर्ध्या वॅटचे, सेटलाच जोडलेल्या अँटेनाचे संच वापरावेत. विंचच्या अंतरावर अर्धा वॅट पुरेल ना?

उद्यमनगरकर

नजरेच्या टप्प्यात खुशाल पुरेल, झाडीत काहीशे मीटरनंतर तुटू लागेल. व्यवस्था उत्तम आहे. फक्त दोन्ही पट्टे एकमेकांत जोडू नका. हॅमच्या संचावर ४४६ ऐकायला मिळाले तरी तिथे बोलू नये.

पाटगावचा

गटाची वाट ठरवताना एक विसरू नये. राधानगरी अभयारण्यात वाटेबाहेर गाडी नेता येत नाही. गगनबावडा, विशाळगड, आजरा-भुदरगड आणि चंदगड परिसरातील काही वनक्षेत्रेही संवर्धन राखीव जाहीर झालेली आहेत. जंगलात वायरलेस सेट हातात दिसला की वनरक्षकाला आधी शिकारीचा संशय येतो. परवान्याची प्रत गाडीत ठेवावी आणि वनहद्दीत शिरण्यापूर्वी नाक्यावर विचारावे.

जुनी जिप्सी

वाचून बरे वाटले. आता शेवटचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे; शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि गावेच्या गावे तुटली होती. अशा वेळी आमच्या गाड्या आणि हा रेडिओ कामी येईल का? २००४ च्या सुनामीत अंदमानात हॅम मंडळींनीच संपर्क राखला असे वाचले आहे.

उद्यमनगरकर

तो प्रसंग खरा आहे. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम चमू त्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला रेडिओच्याच मोहिमेवर होता. सुनामीनंतर त्याने बेटांवरील निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. परंतु तेव्हा कामी आला तो मुख्यतः एचएफ, म्हणजे ताफ्यातल्या व्हीएचएफपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचा वेगळा पट्टा.

आपल्यासाठी ७ मेगाहर्ट्झ सोयीचा. अर्ध्या तरंगाचा डायपोल (मधोमध जोडलेला दोन तारांचा अँटेना) सुमारे २० मीटर लांब होतो. तो दोन झाडांमध्ये ३ ते ४ मीटरवरच बांधला की संदेश जवळजवळ सरळ वर जाऊन आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली परततो. त्यामुळे सह्याद्रीची धार मधे आली तरी दिवसा कोल्हापूरहून कणकवली किंवा रत्नागिरीशी बोलणे जमते, जे व्हीएचएफला कधीच जमणार नाही. रात्री आयनावरण विरळ होते, मग जवळची स्थानके ७ वर ऐकू येईनाशी होतात आणि ३.५ मेगाहर्ट्झकडे उतरावे लागते. जीपमध्ये तार, दोर आणि बॅटरी हे सगळे आधीच असते, फक्त सेट जास्तीचा लागतो.

मात्र पुराच्या वेळी आपल्या मर्जीने गाड्या पाण्यात घालून निरोप वाहू नयेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आधी नाव, कॉलसाइन आणि गाडी यांची नोंद द्यावी, म्हणजे ते बोलावतील तेव्हा कुणाला कुठे उभे करायचे हे त्यांनाही ठाऊक असते. हॅमच्या नियमांत तिऱ्हाइताचे निरोप पोहोचवण्याची मोकळीक आणीबाणीपुरतीच आहे, आणि अशा नोंदीमुळे ती आणीबाणी कोणी ठरवायची हा वादही मिटतो. पाणी चढण्याआधी जूनमध्येच ही नोंद करावी. ऑगस्टमध्ये कक्षातल्या माणसांना फोन उचलायलाही उसंत नसते.

मसाईवाट

परीक्षेचा अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, आणि परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग संस्थेच्या केंद्रावर होते. आमच्याकडे जुन्या प्रश्नांचा संग्रह आहे. दर रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर आम्ही दोघे-तिघे बसून ते सोडवतो. गगनबावडेकर यांच्या गटातून कोण कोण येणार ते इथेच कळवावे, म्हणजे अर्ज एकाच वेळी भरता येतील. छायाचित्रे आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत आणाव्यात.

गगनबावडेकर

आमच्यातून पाच जण येत आहेत. त्यांतील चौघी गाडी चालवत नाहीत.

जुनी जिप्सी

सहावा मला धरा. मोर्ससकट जनरलच देतो.